तंजावरला उतरायचं कुठे?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे पुढेमागे झालं, ते इथे नीट लावून दिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता तो व्हिएन्नाचा. कंपनीच्या कामासाठी मी तिथे दहा दिवस होते, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. फोटो टाकले होते ना, त्याची ही शिक्षा. पण खरं सांगते, व्हिएन्नाबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही. हॉटेल कंपनीने ठरवलेलं, विमानतळावर गाडी हजर, खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड. राजवाडा पाहिला, कॉफी प्यायले, परत आले. जिथे उतरायची सोय आधीच झालेली असते, त्या गावाची आणि आपली ओळख जेमतेमच होते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मी दुसऱ्या एका राजधानीबद्दल बोलणार आहे. तिथे उतरायला जागा मिळेना म्हणून ती मला बरीच कळली. ती राजधानी म्हणजे तंजावर.

इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे जपून बोलते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांनाच एकोजी म्हणतात, त्यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं. तेव्हापासून १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं होतं. म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं. पेशवाई १८१८ला संपली, त्यानंतरही सदतीस वर्षं तंजावरला मराठी राजा होता. आपल्या पुस्तकात याला किती ओळी होत्या आठवतंय? मला तर एक परिच्छेदसुद्धा आठवत नाही. (बाई मान हलवतायत. म्हणजे नव्हताच.)

तिथे जायचा हट्ट माझ्या आईचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचे पोहे खाल्ले आहेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आईने मोडी लिपीचा वर्ग लावला. चार वर्षं नेमाने गेली. मग डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. काचबिंदूत समोरचं दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं, माणसाला पत्ताही लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या रात्री आई जेवताना म्हणाली, "तंजावरच्या देवळात भिंतीवर मराठीत अख्खा इतिहास कोरलाय. तो मला वाचायचाय. फोटोत नाही, भिंतीवर."

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझं चेन्नईला काम निघालं. आईला बरोबर घेतलं. काम संपल्यावर एग्मोरहून दिवसाच्या गाडीने आम्ही तंजावरला निघालो. वाटेत चिदंबरम, कुंभकोणम, दोन्ही बाजूंना भाताची शेतं. आई खिडकीपाशी. दुपारी उतरलो, रिक्षा केली, आणि तीन आठवडे आधी पैसे भरून ठरवलेल्या लॉजवर पोचलो. काउंटरवरच्या माणसाने वही उलटसुलट केली आणि हात जोडून सांगितलं, खोली नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला अख्खा मजला दिलाय.

त्या लॉजचं नाव सांगत नाही, तिथे काय झालं ते सांगते, कारण माझा धंदाच तो आहे. गेली अकरा वर्षं मी हॉटेलांच्या आरक्षणाची सॉफ्टवेअर लिहिते. एकच खोली एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी विकायला ठेवलेली असते. एका ठिकाणी विकली गेली की बाकीच्या ठिकाणचा आकडा लगेच कमी व्हायला हवा. त्यासाठी मध्ये एक यंत्रणा असते, तिला चॅनेल मॅनेजर म्हणतात. ती काही सेकंद मागे पडली तर एक खोली दोघांना जाऊ शकते. पण हे क्वचित होतं. नेहमीचं कारण वेगळं. आरक्षण करून न येणारे काही जण असतातच, म्हणून मालक मुद्दाम दोन-चार खोल्या जास्त विकतो. सगळेच आले तर? तर ज्याच्यामुळे सगळ्यात कमी नुकसान होईल, त्याला परत पाठवायचं. विमान कंपन्याही हेच करतात. याचं गणित असतं आणि तो कोड मी स्वतः लिहिलेला आहे. त्या गणितात वऱ्हाड म्हणजे चाळीस माणसं आणि रोख पैसे, आणि आम्ही म्हणजे दोन बायका. उत्तर बरोबरच होतं. गणिताच्या उत्तराच्या बाजूला बॅग घेऊन उभं राहायची वेळ मात्र पहिल्यांदा आली.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तमिळांचा तै महिना असतो. पोंगल झालं की लग्नांचे मुहूर्त सुरू. मुहूर्ताच्या दिवशी गावातली मंगल कार्यालयं आणि लॉज सगळे भरलेले. गांधीजी रोडवर आम्ही चार लॉज पालथे घातले. रिक्षावाल्याला हिंदी येईना, आम्हाला तमिळ. मोबाइलवर भाषांतर करून आमचं बोलणं चाललेलं. सहा वाजले. अंधार पडायला लागला की आईला पायऱ्या नीट दिसत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. म्हणून ती जास्तच चिडचिड करत होती.

रिक्षावाला शेवटी म्हणाला, आधी खाऊन घ्या. राजवाड्याच्या मागच्या बाजूच्या गल्लीत एका छोट्या मेसपाशी त्याने थांबवलं. चार बाकं, केळीची पानं. आई बसल्या बसल्या मराठीत माझ्यावर वैतागत होती, आणि गल्ल्यावर बसलेली साठीची बाई एकदम उठून आमच्यापाशी आली. ती मराठीत बोलत होती. पहिलं वाक्य मला कळलंच नाही. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. मध्येच तमिळ, मध्येच कानडीसारखा हेल. आईला मात्र पटकन लागलं. मोडी कागद वाचून वाचून तिला जुन्या मराठीची सवय होती, आणि या बाईंच्या घरात तीनशे वर्षांपूर्वी आलेली मराठी आपली आपण वाढलेली. त्यांच्यात जे बोलणं सुरू झालं, त्यात मला फक्त डांगर हा शब्द समजला. पानात उडदाच्या पिठाचं, दही घातलेलं डांगर पडलं होतं. ते त्याला डांगर पचडी म्हणतात. आमच्या आजोळी, साताऱ्याकडे, हेच डांगर उन्हाळ्यात होतं. आई म्हणाली, "हे कुठून शिकलात?" त्या म्हणाल्या, कुठून म्हणजे? घरचंच.

(सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं असं तंजावरात सांगतात. मला ती गोष्ट फार गोड आणि फार संशयास्पद वाटते. डांगराबद्दल मात्र मी पैज लावायला तयार आहे.)

मेसच्या वर त्यांची एक खोली होती. मुलगा बंगळूरला, खोली रिकामी. आम्ही तीन रात्री तिथे राहिलो. दिवसाला सहाशे रुपये त्यांनी ठरवून घेतले, आणि निघताना मोजूनही घेतले. आईला ते फार आवडलं. "उपकार केल्यासारखं केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते," म्हणाली.

आता त्या भिंतीबद्दल. बृहदीश्वराचं देऊळ राजराजा चोळाचं, १०१० साली पुरं झालेलं, म्हणजे मराठे तिथे पोचले तेव्हा ते साडेसहाशे वर्षांहून जुनं होतं. त्या देवळाच्या आवारातल्या ओवरीच्या भिंतीवर सरफोजी राजे, म्हणजे दुसरे सरफोजी, यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. शेजारच्या भिंतींवर चोळांचे तमिळ लेख. मी कल्पना केली होती एखाद्या फलकाची. तो फलक नाही, ते भिंतीवर लिहिलेलं पुस्तक आहे. आईने पिशवीतून भिंग काढलं आणि डावीकडून सुरुवात केली.

दोन दिवस, सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तासभर, ती वाचत होती. वरच्या ओळी तिला दिसत नव्हत्या. त्यांचे मी फोटो काढून, मोठे करून दाखवत होते. पण जिथे हात पोचत होता तिथे ती बोट ठेवून वाचायची. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नसे, कारण डावीकडची नजर गेलेली. मग मी तिथे माझं बोट धरून ठेवायचे. तिचं बोट येऊन माझ्या बोटाला लागलं की मी एक ओळ खाली सरकायचे. पहारेकरी पहिल्या दिवशी दोनदा येऊन हटकून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं स्टूल आणून दिलं.

सगळं वाचून झालं नाही. होणारही नव्हतं.

सरफोजी हा माणूस तुम्हाला थोडा सांगायला हवा. जन्म १७७७चा, श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला. १७९८ला गादीवर आला आणि दुसऱ्याच वर्षी तह करून राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. हाती राहिला किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. असा राजा एक तर ऐष करतो किंवा कुढतो. याने पुस्तकं जमवली. सरस्वती महाल ग्रंथालय आधीपासून होतं, ते याने वाढवलं. युरोपीय भाषांतलीच चार हजारांवर पुस्तकं घेतली. छापखाना काढला, त्यात देवनागरीत मराठी पुस्तकं छापली, मुंबईत मराठी छपाई रुजायच्या आधी. धन्वंतरी महाल नावाची औषधशाळा चालवली. डोळ्यांच्या रोग्यांची रंगीत चित्रं आणि उपचारांची टिपणं त्याने करून घेतली होती, ती तिथे आजही जपलेली आहेत. आईला हे आधीपासून ठाऊक होतं. राजवाड्यात फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे. आई त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "यांच्याकडे नंबर लावला असता."

पण मला गाठून दिलं ते त्याच्या एका पत्राने. तंजावरहून रामेश्वराकडे आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटांवर भोसले राजांनी छत्रं बांधली होती. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. बहुतेकांना राजघराण्यातल्या बायकांची नावं. नीडामंगलमचं यमुनांबा छत्र, मिमिसलचं राजकुमारांबा छत्र. ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र सरफोजींनी स्वतः १८०२च्या सुमारास उभं केलं. कारभार कंपनीकडे गेल्यावर या छत्रांचं काय होणार असा प्रश्न आला, तेव्हा १८०१ साली सरफोजींनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला, टोरिनला, पत्र लिहून ती आपल्याकडेच ठेवावीत अशी विनंती केली. छत्रात काय चालतं हे त्यात सविस्तर सांगितलं आहे.

माझ्या शब्दांत सांगते. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सगळ्या जातींच्या, सगळ्या देशांच्या वाटसरूला जेवण. ज्याला शिजवलेलं चालत नाही, त्याला शिधा. जेवण वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालू, आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावं. कोणी आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण. छत्रात वैद्य असायचा, शिक्षक असायचा. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बाई तिथे बाळंत झाली तर तिचा सगळा खर्च छत्राचा, आणि त्यानंतर तीन महिने तिने राहिलं तरी चालेल. वाटेत आईबाप गेलेल्या मुलांना ठेवून घेऊन शिकवायचं. कोणी तिथेच वारला तर त्याच्या जातीच्या रीतीने क्रियाकर्म.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे सगळं शेतकऱ्याच्या साऱ्यावर चाललेलं, आणि पंगत काही एक नव्हती. दोन्ही खरं आहे. शिध्याची सोय कशासाठी होती, हे उघड आहे. एका पंगतीची गोष्ट आपल्याकडे गाडगेबाबांनी किती तरी पुढे नेली. पंढरपूरला त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे टाटा हॉस्पिटलचे रोगी आणि त्यांची माणसं राहतात. इथल्या किती तरी जणांनी ती आतून पाहिली असेल.

पण मी अडकले ते मध्यरात्रीच्या घंटेपाशी. आमच्या यंत्रणेत खोली नाही असं उत्तर आलं की काम संपलं. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे विचारणारा रकानाच नाही. छत्राच्या यंत्रणेत उलटं होतं. कोण राहून गेलं, हे शोधणं हे रोजचं शेवटचं काम.

जाता जाता व्हिएन्ना. १८१४-१५ मध्ये नेपोलियननंतरची वाटणी करायला सगळी राजेमंडळी व्हिएन्नाला जमली, तेव्हा तिथेही उतरायची मारामार झाली. रशियाचा झार आणि प्रशिया, डेन्मार्क, बव्हेरियाचे राजे सम्राट फ्रान्झने आपल्या हॉफबुर्ग राजवाड्यातच ठेवून घेतले. मी त्याच राजवाड्याच्या दारात फोटो काढला होता. आणि त्याच सुमारास इकडे सरफोजींनी नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधला. तो पाहायचा राहिला. एक दिवस हाती होता आणि आईने मुक्तांबा छत्र निवडलं.

ओरत्तनाडू तंजावरपासून बसने तासाभराच्या आत. छत्र रस्त्याला लागूनच आहे. दगडात कोरलेले घोडे आणि हत्ती, चाकं, जणू सगळी इमारत रथासारखी ओढली जातेय. बरीच पडझड झालेली. भिंतीतून पिंपळ. आम्ही सावलीत बसून डबा खाल्ला. मेसवाल्या बाईंनी बांधून दिलेला दहीभात. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या मालाडच्या खोलीत किती माणसं राहून गेली, हिशेब केलास कधी?"

तो हिशेब मी परतीच्या गाडीत केला. आमची कुरारची खोली दहा बाय पंधरा. गावाहून कोणी केईएमला, कोणी जेजेला, कोणी टाटाला दाखवायला आलं की आमच्याकडे. बाबा गॅलरीत झोपायचे, मी आणि भाऊ शेजारच्यांच्या खोलीत. पहाटे पाचला कोणीतरी त्या पाहुण्याला मालाड स्टेशनवर नेऊन चर्चगेटच्या गाडीत बसवून द्यायचं. नववी-दहावीत ते काम माझं होतं. आम्हाला आठवतील तेवढी नावं आम्ही लिहिली. अडतीस झाली. तुमच्या घरी याहून कमी असतील असं मला वाटत नाही. सोमवार बाजारातून आणलेली ती जादा चटई कोणाकडे नव्हती?

आता सगळ्यांची घरं मोठी झाली आणि पाहुणे थांबले. गावाकडची माणसं आजही हॉस्पिटलसाठी येतात, पण फोन करत नाहीत. फुटपाथवर झोपतात, नाहीतर भाव परवडत नसलेल्या लॉजमध्ये. मी आमच्याच गावच्या एका कुटुंबाला तसं पाहिलं. आधी का नाही सांगितलंत, विचारलं, तर म्हणाले, तुमच्या इमारतीत खाली नाव विचारतात.

गेल्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली. तिची पूर्वेची वन रूम किचन, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, रिकामी आहे. महिन्याला चांगलं भाडं येईल. आईने भाड्याने द्यायला नकार दिला. तिला ती खोली मुंबईत उपचाराला येणाऱ्यांच्या माणसांसाठी ठेवायची आहे. तिने मोडीच्या वहीत मागच्या बाजूला नियमही लिहिले आहेत, मोठ्या अक्षरात, कारण आता बारीक लिहिता येत नाही. एका वेळी दोन माणसं. पंधरा दिवस, गरज असेल तर आणखी. हॉस्पिटलचा कागद आणि ओळखपत्राची प्रत. वहीत नोंद. दिवसाला शंभर रुपये, विजेचे आणि साफसफाईचे, मोजून घ्यायचे. हा शेवटचा नियम कुठून आला, ते तुम्हाला कळलंच असेल.

अडचण सोसायटीची आहे. सेक्रेटरींनी तोंडी नाही म्हटलंय. परकी माणसं, रोज नवी, लिफ्ट, पाणी, रोगराई. यातली पाण्याची तक्रार मला मान्य आहे, टाकी खरंच लहान आहे, आणि तिचा खर्च द्यायची आमची तयारी आहे. रोज नवी माणसं नकोत, हेही समजू शकते, म्हणून पंधरा दिवसांचा नियम. रोगराईला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कॅन्सर जिन्यावरून येत नाही, हे मी कसं समजावू? आपल्या वर्गात तीन डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकी एकाने येऊन दहा मिनिटं बोलावं, एवढंच मला हवं आहे. आणि पूर्वेला राहणारं कोणी किल्ली ठेवायला तयार असेल तर दुसरं काम झालं.

सोसायटीची सभा येत्या नऊ तारखेला संध्याकाळी साडेसातला गच्चीवर आहे. आपल्या वर्गातले दोघं जण त्या सोसायटीचे सभासद आहेत. दोघंही आत्ता तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि मघापासून माझ्याकडे बघत नाहीयेत.